पाव फेरा, पुरे

...नाही, पण थेंब पडतो म्हणजे माझाच पडतो हे कुणी ठरवलं? बरं, ऑइल बदललं मी, मान्य. गाडीखाली झोपलो मी, मान्य. पण तुम्हाला सांगतो, त्यानंतर त्या बोल्टाला किती जणांचे हात लागले ते कुणी विचारलं का? नाही! सगळ्यांचं बोट माझ्याकडे. बायको म्हणते, "अहो, गॅरेजमध्ये दिली असती तर काय झालं असतं?" शेजारचे रोज सकाळी फिरायला निघाले की फाटकाशी थांबणार, वाकणार, आमच्या फरशीवरचा डाग बघणार आणि म्हणणार, "गळतंय अजून?" जसं काही मी आजारी आहे. मी म्हणतो, हो, गळतंय. एवढं बोलून मी कामावर जातो. मला काही वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका थेंबाचं एवढं काय? रोजचा एक पावलीएवढा डाग, पुठ्ठा टाकला की झालं. अहो, तेच तर! पुठ्ठा कुणी टाकायचा? म्हणजे आधी गाडी कुणाची ते सांगायला हवं, आणि तिथेच सगळं अडतं. कारण गाडी आमची नाही. दादाचीही नाही. गाडी बाबांची. बाबा गेले, गाडी राहिली. घर दोन मजली, वर दादा, खाली मी, आणि मधल्या पोर्चमध्ये बाबांची गाडी. एक आठवडा त्यांचा, एक आठवडा आमचा. रविवारी संध्याकाळी जिन्याखालच्या खिळ्याला किल्ली अडकवायची, दुसऱ्याने ती काढून न्यायची. ही व्यवस्था ताईने लावली. ताई आमची सगळ्यात मोठी. ती बोलली की ठराव पास.

आता म्हणाल, खिळा कशाला, हातात द्या की किल्ली! हातात कशी देणार? दादा आणि मी बोलत नाही. चार वर्षं झाली. बाबा गेले त्या दिवसापासून.

तसं आमच्यात वैर वगैरे काही नाही हो. आमच्या बायका तर इतक्या बोलतात, इतक्या बोलतात की आमच्या वाटचंही त्याच बोलून टाकतात. वहिनी जिन्यात बसून भाजी निवडणार, माझी बायको तिसऱ्या पायरीवर, आणि मग निरोप. "अहो, वहिनी म्हणत होत्या की भाऊजींना सांग, गाडीचा उजवा दिवा लागत नाही." मग मी म्हणणार, वहिनींना सांग, दिवा बदलला. म्हणजे दादा बोलला वहिनींशी, वहिनी बोलल्या हिच्याशी, ही बोलली माझ्याशी, आणि दादा त्या वेळी जिन्याच्या वर उभा राहून सगळं ऐकतोय! मला त्याच्या चपला दिसतायत! त्याला माझं टक्कल दिसतंय! पण निरोप जाणार तो रीतसर.

आणि भांडण कशावरून? ऐकाल तर हसाल. बाबांना बरं वाटेना म्हणून दादाने त्यांना त्यांच्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मी कामावर. मी एक्स-रे काढतो. म्हणजे दिवसभर अंधाऱ्या खोलीत उभा राहून लोकांना सांगतो, श्वास घ्या... रोखून धरा... सोडा. इतकी वर्षं झाली, लोक माझ्या सांगण्यावरून श्वास रोखतात आणि मी सांगितलं की सोडतात. तर फोन आला, मी तसाच निघालो, पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. दादा बाकावर बसलेला, ताई रडतेय, वहिनी रडतायत. मी दादाजवळ गेलो आणि माझ्या तोंडून काय निघावं? "गाडी कुठे लावलीय?"

आता का निघालं ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. खाली गर्दी होती, गाड्या उचलून नेत होते, असं काहीतरी डोक्यात असणार. दादाने वर बघितलं. म्हणाला, "तुला काही वाटतं का रे?" एवढंच. आणि मी काय म्हणालो? काहीच नाही. कारण मी आत शोधत होतो, काही वाटतंय का ते. सापडेना. रिकामी फिल्म असते ना, धुतली, दिव्यापुढे धरली आणि त्यावर काहीच नाही, तसं. मग मी खाली गेलो आणि गाडी शोधली. ती नीट लावलेली होती.

झालं. तेव्हापासून तो बोलला नाही, मीही बोललो नाही. आणि लोकांनी विचारलं की मी सांगतो, मला काही वाटत नाही. खोटं नाही हो त्यात. पुढचे सगळे दिवस पार पाडले, माणसं आली-गेली, बाबांचे कपडे कुणाकुणाला दिले, मला काही वाटलं नाही. जेवलो, झोपलो, कामावर गेलो. श्वास घ्या, रोखून धरा, सोडा.

हां, तर ऑइल.

बाबा ऑइल कधी गॅरेजमध्ये बदलायचे नाहीत. दोन लाकडी उतरणी त्यांनी स्वतः करून घेतल्या होत्या, पुढची चाकं त्यावर चढवायची, खाली घमेलं सरकवायचं आणि आपण आत. लहानपणी दादा पाना द्यायचा आणि मी फडकं. इंजिनाच्या तळाला ऑइलची पेटी असते, तिला आम्ही चेंबर म्हणतो, त्याच्या बुडाला एक बोल्ट. तो काढला की जुनं ऑइल घमेल्यात. सगळं निथळलं की बोल्ट परत लावायचा, पण त्याआधी त्याला तांब्याचा नवा वायसर घालायचा, ही एवढीशी चकती, अंगठीसारखी. ती चेपते आणि फट बंद होते, म्हणून ऑइल गळत नाही. बाबांचा मंत्र होता. "वायसर दर वेळी नवा. बोल्ट आधी बोटाने, मग पान्याने पाव फेरा. पुरे." ते "पुरे" असं म्हणायचे की त्यापुढे पाना हलवायची कुणाची छाती नव्हती. जेवताना वाढतानासुद्धा आई तेच ऐकून थांबायची.

तर यंदा आमच्या आठवड्यात ऑइल बदलायची वेळ आली. मी सगळं मंत्राबरहुकूम केलं. बोल्ट काढला, ऑइल काढलं, नवा वायसर घातला, आधी बोटाने, मग पाव फेरा, पुरे. वर नरसाळं लावून नवं ऑइल ओतलं. काडी बुडवून बघितली, बरोबर. हात धुतले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर डाग.

आता गंमत बघा. तो दिवस रविवार. म्हणजे किल्ली खिळ्याला. म्हणजे डाग कुणाच्या आठवड्यात गेला? त्यांच्या! आणि वरून निरोप काय आला? "अहो, वहिनी म्हणत होत्या की, हे म्हणत होते, की बोल्टाला वायसरच घातलेला नव्हता."

म्हणजे? म्हणजे दादा खाली शिरला होता! त्याने बोल्ट काढला, सगळं ऑइल घमेल्यात घेतलं, आणि बघतो तर बोल्ट उघडा-नागडा. वायसर नाहीच! म्हणून त्याने नवा घातला, ऑइल परत ओतलं आणि वर जाऊन वहिनींना सांगितलं, की बाबांनी इतकी वर्षं शिकवलं, याच्या डोक्यात काही राहत नाही. वहिनींनी ते शेवटचं वाक्य गाळून निरोप दिला. पण जिन्यात माणूस सगळं ऐकतो.

मी घातला होता हो वायसर! या बोटांनी घातला होता! मी बायकोला म्हटलं, वहिनींना सांग, घातला होता. बायको म्हणाली, "आता तुम्हीच सांगा की. ते काय वर आहेत." मी म्हटलं, वहिनींना सांग. ती गेली, सांगून आली. "ते म्हणतात, मग गेला कुठे?" मी जेवायला बसलो. मला काही वाटलं नाही.

बरं, त्याने घातल्यावर तरी थांबावं की नाही थेंबाने? आठवडाभर डाग! उलट जरा मोठा! त्यांच्या पुठ्ठ्यावर डाग, आमच्या पुठ्ठ्यावर डाग. हो, पुठ्ठेसुद्धा वेगळे, त्यांचा टीव्हीच्या खोक्याचा, आमचा पंख्याच्या. आमचा आठवडा लागला तसा मी खाली शिरलो, बोल्ट काढला आणि बघतो तर काय? वायसर नाही! माझ्यावर आळ घेणाऱ्या माणसाने स्वतःच घातला नव्हता! मी तुम्हाला सांगतो, चार वर्षांत मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. मी लगेच एक नवा वायसर घातला, आणि पाव फेऱ्याच्या जागी अर्धा फिरवला, म्हटलं नको रिस्क. आणि वर निरोप. वहिनींना सांग, वायसर नव्हताच. मी घातला.

तिसऱ्या दिवशी भावोजी घसरले.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. माणूस मोठा व्यवहारी. प्रत्येक गोष्ट ते त्याच एका शब्दात तोलतात. "हे बघा मेव्हणेबुवा, प्रॅक्टिकल व्हा." लग्नात हेच, घरवाटणीत हेच, बाबांच्या आजारपणातही हेच. ते आले पांढरी पँट घालून. कुणी सांगितलं होतं पांढरी घालायला? ताईने काहीतरी डबा दिला होता, तो द्यायला आले, पोर्चमध्ये पाय टाकला, तो नेमका पुठ्ठ्याच्या बाहेर, आणि पुढचं मी सांगत नाही. डबा वाचला. पँट गेली. भावोजी तसेच फरशीवर बसून, ऑइलमध्ये हात टेकून, माझ्याकडे बघून म्हणाले, "मेव्हणेबुवा, ही गाडी आता विकणं प्रॅक्टिकल."

मी त्यांना उठवलं. मला काही... म्हणजे हसू आलं असतं. आलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. फोन नाही, आज्ञापत्र. "दोन भावांना मिळून एक बोल्ट लावता येत नाही? बाबांनी गाडी ठेवली ती तुमच्यासाठी, फरशी खराब करायला नाही. मी वरही फोन केलाय. यांच्या ओळखीचा गाडीवाला आहे, येत्या रविवारी दुपारी घेऊन येते. फरशी कोरडी असली तर ठेवा, थेंब दिसला तर गाडी जाईल. मला बाकी काही ऐकायचं नाही." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "बरं काय बरं? तुला काही वाटतं का नाही?" बघा! ताईसुद्धा!

फोन ठेवला आणि मी पोर्चमध्ये जाऊन उभा राहिलो. आता तुम्हाला खरं सांगू का, गाडी जुनी आहे. काच अर्धीच खाली येते, मागच्या दाराला लाथ मारल्याशिवाय ते उघडत नाही. तिच्यात जीव अडकावा असं काही नाही. पण मी म्हटलं, ही गेली तर मग आमच्यात सामायिक काय उरलं? किल्लीचा खिळा जाणार. निरोप कशाचे येणार? दिवा लागत नाही, हवा कमी आहे, पेट्रोल भरलंय... दादा चार वर्षांत माझ्याशी जे काही बोलला ते सगळं या गाडीबद्दल. भले वहिनींच्या तोंडून. ही गेली की तो वर आणि मी खाली, मध्ये नुसता स्लॅब. ते मला नको होतं. नको होतं, एवढं मला कळलं. वाटलं वगैरे नाही, कळलं.

रविवार उजाडला. मी लवकर उठलो, चाकं उतरणींवर चढवली, भिंतीच्या बाजूने आत शिरलो. गाडीखाली शिरलेला माणूस कसा दिसतो ते तुम्हाला माहीत आहे, पाय तेवढे बाहेर. आणि माझे पाय भिंतीकडे, म्हणजे जिन्यावरून दिसणारच नाहीत. मी पाठीवर झोपलोय, वर बोल्ट, बोल्टाच्या टोकाला थेंब, फुगतोय, फुगतोय, पडत नाही. मी त्याच्याकडे बघतोय. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने पुठ्ठा सरकल्याचा आवाज. मी मान वळवली. दोन पाय आधी आले नाहीत हो, आधी डोकं आलं! पांढरे केस, कपाळावर चढवलेला चष्मा, हातात पाना, आणि त्या पान्याला हातभर लांबीचा लोखंडी पाइप अडकवलेला. दादा!

आता सांगा, काय करायचं? गाडीखाली उठून जाता येत नाही. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. चार वर्षांत इतक्या जवळून मी त्याला बघितलं नव्हतं. म्हातारा झाला होता. मी श्वास रोखून धरला. सोडा म्हणायला कुणी नाही. तोही रोखून बसलेला. आणि वरचा थेंब मधोमध पडला, टप्, दोघांच्या मध्ये.

मग तो म्हणाला, "सतरा नंबर पाना आणलायस?"

चार वर्षांनी! माणसं चार वर्षांनी भेटली की गळ्यात पडतात, निदान कसा आहेस म्हणतात. आणि हा विचारतो, सतरा नंबर आणलायस. मी म्हटलं, "आणलाय." मग म्हटलं, "पाइप कशाला?" तर म्हणतो, "परवा रात्री येऊन लावला होता. घट्ट करायला." म्हणजे बघा! मी अर्धा फेरा दिलेला, त्यावर याने पाइप लावून ओढलेला! बाबांचा पाव फेरा कुठच्या कुठे राहिला.

"वायसर न घालता पाइप लावून काय होणार?" मी म्हटलं.

"मी घातला होता. तू घातला नव्हतास."

"मी दोनदा घातला."

"मग गेला कुठे?"

भांडलो हो आम्ही! गाडीखाली झोपून, हळू आवाजात, वरून वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून. जवळजवळ पंधरा-वीस वाक्यं. चार वर्षांत इतकी वाक्यं मी बायकोशीसुद्धा बोललो नव्हतो. मग तो म्हणाला, हलव आता, ताई येईल. बोल्ट इतका घट्ट की एकट्याला हलेना. त्याने पाना धरला, मी पाइप, एक बाजू त्याने ढकलली, दुसरी मी ओढली, कर्र करून सुटला. घमेलं सरकवलं, ऑइल धो-धो. सगळं निथळलं तसं दादाने बोल्ट हातात घेतला, चष्मा खाली घेतला आणि बघितला.

उघडा-नागडा. वायसर नाही.

आता कुणी कुणाला म्हणणार? दोघंही हजर! मग दादाने त्या भोकात बोट घातलं. दादाचं चष्म्यांचं दुकान, दिवसभर काचा बसवतो, बोटं हलकी. बोट फिरवलं, थांबला. म्हणाला, "इथे पायरी आहे." मी बोट घातलं. होती. भोकाच्या तोंडाशी कडाच कडा. मी स्क्रूड्रायव्हर दिला, त्याने टोक घालून हळूच उचकटलं, आणि टुणकन एक चकती त्याच्या छातीवर पडली. तांब्याची, नवीकोरी.

"तुझा," तो म्हणाला. दुसऱ्यांदाचा माझा.

परत उचकटलं. दुसरी. मी म्हटलं, "तुझा." त्याने नाही म्हटलं नाही.

परत. तिसरी. "तुझाच," तो म्हणाला. पहिल्यांदाचा.

एकावर एक चिकटून बसले होते हो! वायसर चेपला की चेंबरला चिकटतो, बोल्ट काढला की तो वरच राहतो, काळ्या ऑइलात दिसत नाही, आणि खाली झोपलेल्या माणसाला वाटतं, समोरच्याने घातलाच नाही. मग तो त्यावर आणखी एक घालतो. थर जितके जास्त तितका बोल्ट कमी आत जातो, आणि गळती वाढते. कुणीही, कुणीही एका शब्दाने विचारलं असतं ना, अरे, तू घातलास का, घातला, मग वर चिकटला असेल बघ, संपलं असतं! पण विचारणार कोण? वहिनी?

मला वाटलं, झालं. पण दादाचं बोट अजून आत. म्हणाला, "अजून एक आहे." उचकटायला वेळ लागला, पार चिकटलेला, काळा, चेपून कागदासारखा झालेला. तो निघाला आणि दादाच्या तळहातावर आला. आता हा कुणाचा? माझे दोन, त्याचा एक. बघा, मी हिशेब करत होतो, आणि दादा तो उलटसुलट करून बघत होता. मग म्हणाला, "बाबांचा."

बाबांनी शेवटचं ऑइल बदललं तेव्हाचा. त्यानंतर आम्ही नुसतं वरून थोडंथोडं ओतत आलो होतो, खाली कुणी शिरलंच नव्हतं. बाबांचा वायसर तिथेच होता चार वर्षं, आणि तो एक थेंबही गळू देत नव्हता. आम्ही त्याच्यावर आमचे घातले तेव्हा गळायला लागलं.

दादाने तो काळा वायसर फडक्याने पुसला आणि खिशात टाकला. मला दे म्हणावं असं आलं होतं तोंडात. म्हटलं नाही. मग मी एक नवा वायसर बोल्टाला घातला, फक्त एक, बोल्ट आधी बोटाने लावला, मग पाना घेतला आणि पाव फेरा फिरवला, आणि कोण जाणे कसं, हात आणखी थोडा पुढे जायला लागला, तसा दादा बाजूने म्हणाला, "पुरे."

आवाज बाबांचा. अगदी तोच. माझा हात थांबला.

आता तुम्हाला सांगतो, तेव्हा मला वाटलं. वाईट वाटलं. बाबा गेल्याचं. चार वर्षं उशिरा, पाठीवर झोपून, वर इंजिन, नाकात ऑइलचा वास, आणि शेजारी दादा. रडू वगैरे नाही आलं, उगाच सांगत नाही. पण वाईट वाटलं, एवढं नक्की. मला वाटतं दादाला ते कळलं, कारण तो चष्मा पुसत बसला, तोही ऑइलच्या फडक्याने, म्हणजे त्याला पुढे काहीच दिसलं नसणार. म्हणाला, "त्या दिवशी गाडी मी गेटसमोरच लावली होती." मी म्हटलं, "हो, नीट होती." एवढंच बोलणं झालं त्यावर.

ऑइल परत ओतलं, गाडी उतरवली, फरशी पुसली. दुपारी ताई आली, भावोजी काळी पँट घालून आले, बरोबर तो गाडीवाला. फरशी कोरडी. ताई वाकून बघते, भावोजी लांबून बघतात. गाडीवाल्याने मागचं दार उघडायला बघितलं, उघडेना, आम्ही दोघांनीही सांगितलं नाही लाथ मारायची. ताई म्हणाली, "मग? ठेवायची की विकायची?" आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, "ठेवायची." ताईने दोघांकडे बघितलं, दोघांचे शर्ट काळे, आणि ती काही बोलली नाही. ताई काही बोलली नाही, हे आमच्या घरात पहिल्यांदाच झालं. भावोजी म्हणाले, हे प्रॅक्टिकल नाही.

आता तुम्ही म्हणाल, वा, भाऊ-भाऊ एक झाले, गोड शेवट! कुठलं हो. ताई गेली. दादा वर गेला, मी आत आलो. सोमवारी सकाळी जिन्यात समोरासमोर आलो. तो थांबला, मी थांबलो. आता बोलायचं काय? सतरा नंबरचं काम तर संपलेलं. मी फरशीकडे बघितलं, त्याने फरशीकडे बघितलं. कोरडी ठणठणीत. थेंब असता तर निदान गळतंय का, असं तरी म्हणता आलं असतं! तो दुकानात गेला, मी कामावर आलो. संध्याकाळी निरोप. "अहो, वहिनी म्हणत होत्या की मागच्या चाकात हवा कमी आहे."

चार वर्षांची सवय आहे, मोडत नाही तोंडाने. गाडीखाली असतो तर बोललो असतो. उभं राहून जमत नाही. आणि गाडीखाली परत जायचं कधी? पुढचं ऑइल, तेव्हा. दहा हजार किलोमीटरनंतर! आणि आमची गाडी जाते कुठे? मी कामावर जातो ते दोन चौक, त्यांच्या आठवड्यात वहिनी बाजारात जाणार, तो एक चौक. दादाचं दुकान तर कोपऱ्यावर, तो चालतच जातो. या चालीने पुढचं ऑइल येईपर्यंत आम्हाला खाली शिरवायला दुसरी माणसं लागतील.

म्हणून मी काय करतो, कुणाला सांगू नका, आमच्या आठवड्यात संध्याकाळी जरा लांबून येतो. म्हणजे पुलावरून पलीकडे, तिथून हायवेला, हायवेने जातो, जातो, पेट्रोल पंप लागला की वळतो. बायको विचारते, एवढा उशीर? मी म्हणतो, पेशंट होते. परवा रविवारी किल्ली खिळ्यावरून काढली, गाडीत बसलो, मीटर बघितला. आणि तुम्हाला सांगतो, मी बघतच बसलो. त्यांच्या आठवड्यात माझ्यापेक्षा जास्त किलोमीटर! कोपऱ्यावरच्या दुकानात चालत जाणारा माणूस! मी बायकोला म्हटलं, वहिनींना विचार, कुठे गेले होते का बाहेर? ती विचारून आली. "छे हो, कुठे नाही. हे म्हणतात, उभी राहून बॅटरी उतरते, म्हणून रोज संध्याकाळी जरा हायवेला फिरवून आणतात."

खालून वर जायला नुसता एक जिना आहे हो. पण आम्ही दोघं हायवेने निघालोय.